आजीचं रीलोकेशन

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले चार महिने एकच प्रोजेक्ट चालू आहे. नाव : आजीला पुण्याला आणणे. स्टेकहोल्डर भरपूर आहेत. बाबा, काका, दोन आत्या, नाशिकचा चुलतभाऊ आणि रात्री अकरानंतर टेक्सासहून चर्चेत उडी घेणारा त्याचा धाकटा भाऊ. डेडलाइनही ठरली आहे, पावसाळा लागायच्या आत. वाकडच्या फ्लॅटमधली पूर्वेकडची खोली रिकामी केली आहे, कमोडच्या उंचीवर चर्चा झाली आहे, गुडघ्याच्या डॉक्टरांचं नावसुद्धा कुणीतरी टाकलंय. फक्त जिला हलवायचं आहे तिला ग्रुपमध्ये घ्यायचं राहून गेलंय.

मी या प्रोजेक्टच्या विरोधात आहे. ग्रुपवर सविस्तर लिहिलं तर अंगठे आणि हात जोडलेले इमोजी येतात, म्हणून इथे लिहिते. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी हाच प्रोजेक्ट कुठल्या ना कुठल्या स्टेजला असणार याची मला खात्री आहे. गाव बदला, आजीच्या जागी आजोबा घाला, बाकी सगळं तेच.

मुद्दा भावनिक आहे असं समजून हे पान बंद करू नका. माझं रोजचं पोटापाण्याचं काम म्हणजे जुन्या सिस्टीम उचलून क्लाउडवर नेऊन ठेवणं. या धंद्यात पहिला प्रश्न "नवीन जागा किती चांगली आहे" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ही गोष्ट कशाकशाला जोडलेली आहे? ते न बघता उचललं की नव्या चकाचक सर्व्हरवर सगळं व्यवस्थित बसतं, दिवेही हिरवे लागतात आणि काम मात्र काहीच होत नाही. आजीच्या बाबतीत हा पहिला प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. सगळे फक्त खोली दाखवतायत.

तर आधी जोडण्या बघू.

आजी ७८ वर्षांची आहे. सांगलीच्या गावभागात, नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर, तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे परसात एक पारिजातक. पहाटे पाचला उठते. नळाला पाणी येतं ते भरते, सडा घालते, फुलं वेचते. यातली निम्मी फुलं समोरच्या काकूंच्या देवाला जातात आणि तिकडून दुर्वा येतात. सातला दूधवाला येतो, त्याच्याशी दुधात पाणी किती यावर रोज तेच भांडण. साडेदहापर्यंत स्वयंपाक, जेवण, भांडी उरकून ती मोकळी. आणि आपण सगळे जिला 'मोकळी' म्हणतो ती आजी तिथून पुढे खरी कामाला लागते.

म्हणजे वाकळ. पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात तीच. आमच्याकडे वाकळ.

वाकळ शिवताना तुम्ही कुणाला बघितलं नसेल तर थोडं थांबून सांगते, कारण सगळं प्रकरण इथेच अडकलंय. खाली एक जुनी सुती साडी अंथरायची. तिच्यावर जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, परकराचे तुकडे असे थर लावत जायचं, खळगा राहील तिथे तुकडा टाकायचा, उंचवटा होईल तिथला काढायचा. वर पुन्हा एक चांगली साडी. मग लांब लांब कच्चे टाके मारून सगळे थर एकत्र धरायचे आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा. बाहेरची चौकट झाली की तिच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरी, तिच्या आत तिसरी, असं करत मध्यापर्यंत. वाकळेवरच बसून वाकळ शिवायची. हात पुढे सरकेल तसं आपणही सरकायचं. सगळं हातावर. आजी दिवसाला दोन-अडीच तास बसते आणि एक वाकळ तिला साधारण महिना घेते.

या शिवणाला मोजपट्टी लागत नाही, पण ज्ञान भरपूर लागतं. कुठलं कापड चालेल हे आजी दोन बोटांत चुरडून सांगते. सुती कापड शंभर वेळा धुतलं की ते मऊ होत जातं, घाम शोषतं, आणि थराथरांत हवा धरून ठेवतं. म्हणून तीच वाकळ थंडीत ऊब देते आणि उन्हाळ्यात गच्चीवर खाली अंथरायलाही चालते. पॉलिस्टरचं तसं नाही. ते थरांतून निसटतं, टाका धरत नाही, अंगाला चिकटतं. "ती साडी न्हवं, कागद हाय," असं आजीचं त्यावर मत. आता गंमत बघा. सांगलीपासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि पुढे त्या गावानं घराघरांत सुती लुगडी पोचवली. पण गेल्या तीन-चार दशकांत रोजच्या नेसण्यातली सुती साडी कमी होत गेली. आमच्या आईच्या पिढीत सिंथेटिक आलं, माझ्या पिढीत साडीच वर्षातून चारदा. म्हणजे वाकळेला लागणारा कच्चा मालच संपत चाललाय. आजीकडे तो अजून येतो याचं कारण एकच, आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांना माहीत आहे की जुनं सुती कापड टाकायचं नसतं, ते तिच्याकडे द्यायचं असतं.

हे 'तिच्याकडे द्यायचं' नीट बघा. एखाद्या घरातली म्हातारी वारली की बाराव्या-तेराव्यानंतर तिची सून चार लुगड्यांचं गाठोडं घेऊन आजीकडे येते. म्हणते, यांच्या आठवणीची करून द्या. एखादीला दिवस गेले की सातव्या महिन्यानंतर बाळासाठी दुपट्यांची ऑर्डर येते, आणि दुपट्याला कापड जुनंच हवं, नवं बाळाला टोचतं. म्हणजे गल्लीत कोण गेलं आणि कोण येणार आहे हे दोन्ही आजीला कापडावरून आधी कळतं. पैसे ती घेत नाही, पण फुकटही करत नाही. वाकळेच्या बदल्यात तिला वर्षाचं तिखट कांडून मिळतं, लाइटबिल भरलं जातं, गॅस सिलिंडर आत आणून ठेवला जातो, दवाखान्यात सोबत मिळते. आम्ही वाकडला यातल्या प्रत्येक कामासाठी वेगळं ॲप वापरतो.

ग्रुपवर काकांनी लिहिलं होतं, "आईला शिवणकामाचा छंद आहे, तो इथेही करता येईल." काकांबद्दल आदर राखून सांगते, तो छंद नाही. छंद एकट्याचा असतो, तो कुठेही नेता येतो. वाकडला आजी सुईदोरा आणेल, चष्मा आणेल. गाठोडी कोण आणणार? आमच्या सोसायटीत सहाशे फ्लॅट आहेत. जुने कपडे गेटवरच्या डोनेशनच्या पेटीत जातात आणि शेजारणीला बाळ झाल्याचं लिफ्टमधल्या फुग्यांवरून कळतं.

वाळवणाचंही असंच. चैत्र लागला की आजीकडे कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि सकाळी उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून शिजवायचा. शिजवताना तो सारखा हाटावा लागतो आणि एका माणसाचा हात तेवढं करू शकत नाही. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून घालायच्या, कारण गार झाला की दाबला जात नाही. म्हणजे एकजण चुलीपाशी, दोघी सोऱ्याला, एक गच्चीवर, आणि कावळ्यांना हाकलायला एखादं पोर. (त्या पोराचा पगार म्हणजे वाटीभर गरम चीक आणि वर तूप. मी हा पगार सात उन्हाळे घेतलाय आणि पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरइतकाच त्याचाही मला अभिमान आहे.) आज या घरी, उद्या त्या घरी, असं पाच बायकांचं चक्र आहे. आजीचं आता सोरं दाबण्याइतकं मनगट राहिलेलं नाही. पण चीक कधी शिजला हे तीच सांगते, आणि तिने मान डोलावल्याशिवाय कुणी पातेलं उतरवत नाही. ७८ व्या वर्षी तुमच्या मान डोलावण्याला किंमत आहे अशी जागा मिळणं सोपं नाही. आमच्या ऑफिसात चाळिशीनंतरच अवघड जातं. असो.

आता सगळ्यांना कमी माहीत असलेला भाग. आजी फिरते.

म्हणजे कुठे लांब नाही. तिनं ताजमहाल बघितलेला नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. पण एप्रिल-मे आला की तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या सहली सुरू होतात आणि त्यांचं वेळापत्रक आमच्या स्प्रिंट प्लॅनिंगपेक्षा काटेकोर असतं. सर्वांत जवळची म्हणजे हरिपूर. तिथे कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि 'शारदा'कार देवलांचं जन्मगाव तेच. हळदीची जमिनीखालची पेवं याच गावातली. पूर्वी हळद पेवांत उतरवायची आणि तोंड बंद करून ठेवायची. आजीच्या माहेरचे कुणी या कामात होते. त्यामुळे प्रत्येक सहलीत ती पेवांच्या दिशेने हात करून तोच किस्सा सांगते आणि बाकीच्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकतात. सकाळी लवकर रिक्षाने जायचं, घाटावर बसायचं, डबा खायचा, ऊन चढायच्या आत परत.

दुसरी नरसोबाची वाडी. सांगलीहून एसटीनं तासाभराच्या आत. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात नदी उतरलेली असते, घाटाच्या पायऱ्या मोकळ्या असतात. पादुकांचं दर्शन, पाण्यात पाय सोडून बसणं, मग बासुंदी आणि येताना कवठाची बर्फी. आजीला साखर आहे. बासुंदी ती दोन चमचे खाते आणि बाकीची कोण खाणार हे घरून निघतानाच ठरलेलं असतं. शिदोरी मात्र भरभक्कम. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, कैरीचा तक्कू.

या सहली गेल्या काही वर्षांत वाढल्या आणि त्याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. आजीच्या पाच जणींच्या टोळीत तिघी मोफत आणि दोघी अर्ध्यात. आधारकार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ती तिकिटं आजीनं देवघराच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून ठेवली आहेत. आपल्या नवऱ्याकडे, मग मुलाकडे प्रवासाचे पैसे मागण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला कुणालाही न विचारता बसमध्ये चढता येणं म्हणजे काय, हे क्रेडिट कार्डवर बालीला जाऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगून कळणार नाही. फुकट योजनांवर ट्विटरवर तावातावाने बोलणाऱ्या माझ्या कलीग्जनी एकदा सकाळच्या कुरुंदवाड गाडीत बसून बघावं.

आणि ही सवलत शहरी बसला लागू नाही. वाकडला ही शून्याची तिकिटं चालायची नाहीत. पण तो मुद्दा दुय्यम. पीएमपीत तिला मी पास काढून देईन हो. ती जाणार कुणाबरोबर?

दोन वर्षांपूर्वी आजी आमच्याकडे तीन आठवडे राहिली होती. कुणी तिला काही कमी केलं नाही. आईनं तिच्या पद्धतीची आमटी केली, बाबांनी तिच्यासाठी टीव्हीवर कीर्तनाचं चॅनेल लावून दिलं. बाराव्या मजल्याच्या बाल्कनीतून तिला खाली माणसं दिसत, पण चेहरे दिसत नसत. आईनं रेलिंगवर वाकळ वाळत घातली तर सोसायटीचा मेसेज आला की दर्शनी भागात कपडे वाळत घालू नयेत. गच्चीला कुलूप, किल्ली सिक्युरिटीकडे, आणि सिक्युरिटीला वरून परवानगी. पाचव्या दिवसापासून ती दुपारी झोपायला लागली. गावभागात तिला दुपारी झोपलेलं मी कधी बघितलेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "हितं सगळं हाय की गं. पण संध्याकाळ लवकर होत न्हाई." बाबांना यातलं 'सगळं हाय' तेवढं ऐकू आलं.

आता दुसऱ्या बाजूचं. आणायचं म्हणणारे दुष्ट नाहीत आणि मूर्ख तर मुळीच नाहीत. त्यांच्याकडे दोन भक्कम मुद्दे आहेत.

पहिला पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५. आजीच्या दोन्ही खोल्या पाण्याखाली होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा. २०१९ च्या पाण्यात अकरा वाकळा गेल्या, त्यातली एक माझ्या पणजीच्या लुगड्याची होती. हे मी खोडून काढणार नाही. पण पूर दर दिवशी येत नाही आणि न सांगताही येत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे आधी जाहीर होतं, ते पाणी सांगलीत यायला वेळ लागतो, आणि पुलाजवळची पातळी तर तासातासाला मोबाइलवर येते. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. मोठी आत्या विश्रामबागेत राहते, तिथे दोन्ही वेळेला पाणी आलं नाही. मग आमच्या घराचा नियम ३५ ला हलायचं असा करायला काय हरकत आहे? वर्षातल्या फार तर पंधरा-वीस दिवसांच्या धोक्यासाठी उरलेले साडेतीनशे दिवस कापून टाकणं हे कुठलं रिस्क मॅनेजमेंट?

दुसरा मुद्दा, "एकटी असताना पडली तर?" हा जास्त अवघड आहे आणि यावर माझ्याकडे शंभर टक्के उत्तर नाही. कुणाकडेच नसतं. पण वाकडला आम्ही तिघंही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर असतो. गावभागात सकाळी सडा पडलेला दिसला नाही तर साडेसहाला समोरच्या काकू दार वाजवतात. 'एकटी' नेमकी कुठे, हा हिशोब पुन्हा एकदा करून बघावा.

तिसरा आक्षेप ग्रुपवर कुणी घेतला नाही, तो माझ्या मैत्रिणीनं घेतला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती म्हणाली, "तू एका बाईच्या कष्टांना गोड रंग लावतेयस. आयुष्यभर राबली, आता तरी बसू दे ना तिला." बरोबर आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांचा २८९ वर आला, पुरुषांचा चक्क ८८ वर. म्हणजे पाच वर्षांत पुरुषांनी आणखी नऊ मिनिटं वाचवली, अभिनंदन! माझ्या आजीनं साठ वर्षं त्या २९९ च्याही वर काढली आहेत. अकरा माणसांचा स्वयंपाक, सोवळं, सासूचं आजारपण, सगळं. तेव्हाही ती वाकळा शिवायची, पण रात्री, कंदिलापाशी, आणि कुणी आलं की खाली सरकवून ठेवायची, कारण सुनेनं स्वतःसाठी बसलेलं चालत नसे.

पण म्हणूनच मला हा आराम पटत नाही. आजोबा गेल्यानंतरची ही बारा वर्षं म्हणजे तिच्या आयुष्यातली पहिली बारा वर्षं आहेत जेव्हा काय करायचं, कधी करायचं आणि कुणासाठी करायचं हे ती स्वतः ठरवते. एखादीची लुगडी तिनं परत पाठवलेली मी बघितली आहेत, कारण "सासूला जिती असताना इचारलं न्हाई, आता वाकळ कशाला." ही सत्ता आहे. थोडीशी, दोन गल्ल्यांपुरती, पण आहे. वाकडला आणलं की ती पुन्हा मुलाच्या घरात राहणारी आई होईल. कितीही चांगला मुलगा असला तरी फ्रिजमधलं दही काढताना ती "घेऊ का" असं विचारेल. त्या तीन आठवड्यांत विचारत होती.

जाता जाता टेक्सासवाल्याच्या आयडियेबद्दल. त्याचं म्हणणं, आजीला पुण्याला आणा आणि तिच्या वाकळांचा ब्रँड करा. इन्स्टाग्राम पेज, सुंदर फोटो, 'हॅण्डमेड', 'सस्टेनेबल', वगैरे. मी गणित करून पाठवलं. रोज अडीच तास, तीस दिवस, म्हणजे एका वाकळेला ७५ तास. तीन हजाराला विकली तर तासाला चाळीस रुपये, त्यात कुरियर आणि रिटर्न वेगळे. त्यावर तो म्हणाला, मग मशीनवर शिवून घेऊ, आजीचा फक्त फोटो लावू. या मेसेजला मोठ्या काकांनी अंगठा दिला. पुढे काय बोलणार!

ज्यांना खरोखर वाकळा शिवून पोट भरायचं आहे त्या बायकांना चांगला भाव मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी यांना बाजार मिळाला, आपल्याकडच्या गोधडीलाही मिळावा. पण माझ्या आजीला धंदा नको आहे. तिला ज्याची वाकळ आहे त्याचं घर माहीत असायला हवं असतं.

मग करायचं काय? माझा प्रस्ताव मी ग्रुपवर टाकलाय. पूर्वेकडच्या खोलीसाठी जे फर्निचर घेणार होतो त्या पैशात गावभागातल्या न्हाणीघराची घसरडी फरशी बदलायची, दोन दांडे बसवायचे, पायरी काढून उतार करायचा. वाकळा आणि कागदपत्रं ठेवायला माळ्यावर पत्र्याची पेटी, पुराच्या रेषेच्या वर. जून ते सप्टेंबर ३५ फुटांचा नियम, आणि तो आत्यानं पाळायचा, आजीनं नाही, कारण आजी "अजून लांब हाय पानी" म्हणत बसेल. समोरच्या काकूंकडे एक किल्ली आणि आमचे सगळ्यांचे नंबर. आणि सर्वांत महत्त्वाचं, आपण नातवंडांनी आळीपाळीनं जायचं. आमच्यातल्या चौघांना घरून काम करता येतं. गावभागात फायबर आलंय, स्पीड वाकडपेक्षा बरा आहे. प्रत्येकानं वर्षातले तीन आठवडे तिथे जाऊन बसलं तरी बारा आठवडे होतात, आणि मॅनेजरला मागची भिंत कुठली आहे हे कळतही नाही.

आतापर्यंत दोघांनी हो म्हटलंय. धाकट्या आत्यानं आजीला फोन करून सरळ विचारून टाकलं, जे चार महिन्यांत कुणी केलं नव्हतं. आजी म्हणाली, दिवाळीला येते की आठ दिवस, पण फराळ करूनच आणीन. बाबा अजून विचार करतायत. त्यांचा प्रश्न फरशीचा किंवा पुराचा नाहीच. आई गावात एकटी राहते हे चार लोकांना सांगताना त्यांना कसंतरी होतं. ते मला कळतं, पण त्यासाठी आजीनं बाराव्या मजल्यावर यावं हे पटत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

मेचा दुसरा आठवडा मी माझ्या नावावर लावून घेतलाय. आजीच्या टोळीची या वर्षीची मोठी सहल त्यातच आहे, खिद्रापूरचं कोपेश्वर. शिलाहारांच्या काळातलं देऊळ, स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर छताच्या जागी गोल मोकळं आकाश. भर उन्हाळ्यात दगड गार असतो आणि तिथे बसून दुपार काढायची असा बेत आहे. सकाळच्या एसटीनं कुरुंदवाड, तिथून पुढे वडाप. माझं तिकीट अर्धं लागेल. दशम्या आजीच करणार आहे, मी पाण्याच्या बाटल्या धरायच्या आहेत, आणि लॅपटॉप आणायचा नाही असं फोनवर दोनदा बजावून झालंय.